माता गटातला बाप

कोन गावातल्या त्या आळीत कुणाकडे काहीही छापील आलं की ते आधी हरेशच्या ओट्यावर जायचं. विजेचं बिल, रक्ताचा रिपोर्ट, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातलं ते बारीक अक्षरांचं घडी घातलेलं चिठोरं. हरेश ते उभ्यानेच वाचायचा, खणखणीत आवाजात, एका सुरात, कुठेही न थांबता. लग्नपत्रिका तर तो कुलदैवतापासून थेट छापखान्याच्या फोन नंबरपर्यंत वाचून काढायचा. ऐकणाऱ्याला निम्मं कळायचं नाही, पण हरेशने वाचलं म्हणजे काम झालं असं समजून लोक उठायचे. त्याचे वडील केसरीनाथ पानाला चुना लावता लावता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पोरगा बारावी हाय."

बारावी झालेला त्या घरात तो पहिलाच. आता तो पस्तिशीला आला आहे आणि कल्याण रस्त्यावरच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये चेकर आहे. पट्ट्यावरून खोकी येत राहतात. खोक्यावरचा कागद आणि आतला माल जुळतो का, हे त्याने बघायचं. जुळलं की हातातलं स्कॅनर 'टीं' करतं आणि खोकं पुढे जातं. जुळलं नाही की खोकं बाजूच्या जाळीत, होल्डला. हे काम तो इतकी वर्षं चोख करत आला आहे की बरोबर असलेली गोष्ट त्याच्या नजरेत थांबतच नाही. ती पुढे निघून जाते. चुकलेली तेवढी त्याच्या हातात राहते.

त्याची माझी ओळख झाली ती त्याच्या बायकोमुळे, आणि ही ओळख त्याला सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती.

मी राहते भिवंडीत. कोनच्या बालवाडीच्या बाई रीमा, तिला मी तिच्या लहानपणापासून ओळखते. माझे यजमान सुधीर गेल्यावर ती भेटायला आली आणि जाताना म्हणाली, "काकू, बुधवारी दुपारी येत जा आमच्याकडे. मुलांना शिकवायला नको, ते मी बघते. आयांशी बोला." सरकारी भाषेत त्याला माता गट म्हणतात. बालवाडीतल्या मुलांच्या आया जमतात, चित्रांची पुस्तकं आठवड्यासाठी घरी नेतात, आणि घरी लेकराला जवळ घेऊन कसं वाचायचं हे एकमेकींकडून शिकतात. मी गेले. बसायला सतरंजी, वर पंखा, आणि आत यायला संकोचणाऱ्या दहाबारा बायका.

त्यांचं सगळ्यांचं म्हणणं एकच. "बाई, आमालाच धड वाचता येत न्हाय, पोराला काय शिकवनार?"

मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगितली. मी कल्याणच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आईला इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं. पण मी धडा वाचायला बसले की ती हातातलं काम घेऊन शेजारी येऊन बसायची, चित्रावर बोट ठेवायची आणि विचारायची, "ही बाई कुठे निघालीय गं?" मग मला वाचून सांगावंच लागे. मला वाचनाची गोडी सिस्टरांनी लावली असं सगळे समजतात. ती लागली आईच्या त्या विचारण्यामुळे. आणि हेही सांगितलं, की सिस्टरांचं कौतुक मी जरा जास्त केलं की आई म्हणायची, "हो, हुशारच आहे ती तुझी सिस्टर," आणि विळीवरची भाजी एकदम भरभर चिरली जायची.

बायका हसल्या. एक जण मात्र हसली नाही, ती नुसती ऐकत होती. ती सोनल, हरेशची बायको. माहेर शेलार गावाजवळचं, शाळा सातवीपर्यंत. लग्नानंतर तिने काही वाचल्याचं तिलाही आठवत नव्हतं, कारण घरात वाचायला हरेश होता. जाताना तिने एक पुस्तक मागून घेतलं. एक बेडूक राहायला घर शोधत निघतो, दगड उचलतो तर खाली विंचू, विहिरीत डोकावतो तर आत कासव, अशी ती गोष्ट. पानाला एकच ओळ, बाकी सगळं चित्र.

पुढच्या बुधवारी तिने पुस्तक परत आणलं नाही. म्हणाली, "पूर्वा सोडत न्हाय. रोज तेच."

पूर्वा तिची मुलगी, पाच वर्षांची. हे कसं जमलं, ते मी एकदा त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. सोनल स्वतः अडखळत वाचते. बोट अक्षरावर ठेवते, थांबते, "बे... डू..." म्हणते, मग चित्राकडे बघते. पूर्वाही तिच्याबरोबर थांबते. दोघी शब्दापाशी एकदमच पोचतात आणि पोचल्या की दोघींना सारखाच आनंद होतो. भरभर वाचणाऱ्या माणसाला हे जमणार नाही. तो लेकराच्या कितीतरी आधी पुढे जाऊन उभा राहतो.

आता हरेशची बाजू. ही मला त्यानेच नंतर सांगितली, काही लपवून न ठेवता, म्हणून लिहिते.

शिफ्ट सुटून तो घरी यायचा तेव्हा पूर्वा दारापर्यंत पळत यायची आणि त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून आपल्या गळ्यात घालायची. मग ती चेकर आणि तो हमाल. हा रोजचा खेळ. एका संध्याकाळी तो आला, चपला काढल्या, तरी कुणी आलं नाही. आत मायलेकी कॉटवर, डोकी एकाच पुस्तकात.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"वाचतोय," पूर्वा वर न बघता म्हणाली.

"कोन वाचतंय?"

"मम्मी."

त्या घरात 'वाचणं' हे क्रियापद आजवर फक्त हरेशसाठी वापरलं जात होतं. त्याला वाटलं, आपण नसताना कुणीतरी येऊन आपल्या जागेवर बसलं आहे. ओळखपत्र त्याने स्वतःच काढलं आणि खिळ्याला अडकवलं.

दोनचार दिवस त्याने वाट बघितली. मग आंघोळ करून, केस विंचरून, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "पूर्वा, पुस्तक आन. आज पप्पा घेनार." पूर्वा खुशीत आली. तो खुर्चीवर, ती समोर उभी. तिने पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "दगडाखाली इंचू."

"इंचू न्हाय. विंचू. परत."

"इंचू."

"वि! वि! हे काय हाय? व ला वेलांटी. डोले हायत ना? परत."

"मम्मी इंचू बोलते."

"मम्मीला राहू दे. पुस्तकात बघ."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या या भागातल्या गावांत शब्दाच्या तोंडचा 'वि' बहुतेक वेळा 'इ' होतो. विंचू म्हणजे इंचू, विळा म्हणजे इला, वीस म्हणजे ईस, वीज म्हणजे ईज. पुस्तकातल्या 'वि' वर बोट ठेवून 'इ' म्हणणारं लेकरू आळस करत नसतं. त्या चित्रातल्या प्राण्याचं त्याच्या घरात जे नाव आहे, ते ते इमानदारीने सांगत असतं. गटात मी एकदा विचारलं होतं, "इ वरून घरातली एखादी वस्तू सांगा बरं." तक्त्यावर 'इमारत' छापलेली होती. धाकलीआजी, नातवाला घेऊन येणारी शेजारची म्हातारी, लगेच म्हणाली, "इला!" आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. रीमा चूक सुधारायला उठत होती, मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. लहानपणी घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द दोघांनाही जवळ बसू द्यावं. पुढे मूल आपणच दोघांना ओळखू लागतं. आधी त्याला पुस्तकाशी बसावंसं तर वाटू दे.

हरेशला मात्र माल आणि कागद जुळत नव्हते. त्याने एकेक शब्द होल्डला टाकला. स्वयंपाकघरातून सोनल तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "हो, तुमीच शिकवा. आमी काय, सातवी."

"मी तुला काय बोललो का?"

"मला न्हाय, मंग शेजारनीला बोलला?"

पूर्वाने पुस्तक मिटलं, काखेत मारलं आणि ती भाकरीच्या परातीजवळ जाऊन बसली. हरेश खुर्चीवर तसाच राहिला. त्याने मला सांगितलं, "मॅडम, बायकोचा राग न्हाय आला. पन पोरगी उठून तिच्याकडं गेली ना, तवा पोटात असं पेटलं. मी बारावी, ती सातवी. आनि पोरगी वाचायला तिच्याकडं जाते?"

असूया म्हटली की आपल्याला सवत आठवते, भाऊबंदकी आठवते. एका पुस्तकाची, पाच वर्षांच्या पोरीच्या मांडीला टेकलेल्या मांडीची असूया वाटू शकते, हे सहसा कुणी बोलत नाही. मला ती ओळखू आली. माझा नातू सुयश बंगळुरात असतो. संध्याकाळी फोनच्या पडद्यावर मला दिसतं, सूनबाई रुचिरा त्याला कुशीत घेऊन पुस्तक वाचते आहे. ती मायेने म्हणते, "आजीला दाखव चित्र." तो चित्र पडद्याला चिकटवतो, मला नुसता रंग दिसतो आणि पुस्तक परत तिच्या मांडीवर जातं. मी "छान हं" म्हणते. रुचिरा गुणी मुलगी आहे. तरी त्या क्षणी ती मला सहन होत नाही.

हरेशने दुसरी वाट धरली. माता गटाचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. रीमा त्यावर रोज काही टाकायची. आज मुलासोबत भाज्यांची नावं घ्या, आज चित्र बघून गोष्ट सांगा. ते सगळं सोनलच्या फोनवर यायचं. हरेश बालवाडीत जाऊन रीमाला म्हणाला, "मला पन ॲड करा."

"दादा, तो माता गट आहे."

"मंग पिता गट कुठाय?"

"तसा नाही."

"का? बापानी काय घोडं मारलंय?"

रीमाने त्याला जोडून घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने ग्रुपवर चार जणींच्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही.

त्या बुधवारी त्याची आठवड्याची सुट्टी होती. तो गटात आला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. दारात त्याला बघून बायकांनी पदर तोंडाला लावले.

"या या, हरेशवहिनी," कुणीतरी म्हणालं.

"बसा. पाय पसरून बसा, लाजू नका."

"डाल शिजायला घालून आलात ना?"

तो हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सोनल भिंतीकडे सरकली. पूर्वा दोघांच्या मधे बसली, एक हात आईच्या गुडघ्यावर, एक बापाच्या. मला वाटलं, आज जमेल.

मी म्हटलं, "हरेश, तुम्हीच सुरुवात करा. बेडकाची गोष्ट वाचा पूर्वाला."

तो उभा राहिला. वाचायचं म्हणजे उभं राहायचं, हीच त्याची रीत. पुस्तक त्याने डोळ्यांसमोर धरलं, पूर्वाला चित्र दिसेनासं झालं, आणि त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात वाचून टाकलं. एक चूक नाही. बेडकाला घर मिळालं तेव्हा पूर्वा अजून दगडापाशीच होती.

तिने त्याच्या पँटला धरून ओढलं. "पप्पा, तू नको. मम्मी वाचंल."

सगळ्यांच्या देखत. हरेशने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि तेच पान परत उघडलं. "हे बघ, नीट ऐक. दगडाखाली विंचू. बोल, विंचू."

"इंचू," पूर्वा म्हणाली.

"विंचू! घरात चुकीचं शिकवलं की असं होतं."

हे त्याने बोलायला नको होतं. सोनलने मान खाली घातली. धाकलीआजीने तंबाखूची गुळणी बाहेर टाकून आल्यावर कमरेवर हात ठेवले.

"आरं हरेशा, मोटा आला विंचूवाला! लहान व्हतास तवा खल्यावर तुला डसला. मी व्हते तिथं. भात झोडत व्हतो आमी. कसा वरडत आलास? 'आये, विंचू चावला' म्हनून आलास का? आँ? 'इंचू इंचू' करत आक्क्या गावभर नाचलास! सगली हसत व्हती, तुझी आयस रडत व्हती!"

जो हशा पिकला तो थांबेना. आणि सगळ्यांत मोठ्याने हसली पूर्वा. तिला बापाचा नाच डोळ्यांसमोर दिसत होता. ती हसत हसत आईच्या मांडीवर पडली आणि सोनलही हसली. तिला आवरलंच नाही.

हरेश बाहेर आला. चपला शोधत होता तेव्हा मी मागोमाग गेले.

"मनावर घेऊ नका."

"न्हाय घेत." त्याने चप्पल पायात घातली, ती उलटी होती, परत काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, त्या पुस्तकाची अजून एक कॉपी हाय का? मला वेगली. माझी."

"एकच आहे हो ती. दुसरं कुठलंही घ्या. हत्तीचं आहे, रिक्षाचं आहे."

"न्हाय. तेच पायजे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते पुस्तक घरातून नाहीसं झालं.

सोनलने गादी उचलली, तांदळाच्या पिंपामागे पाहिलं, शेजारच्या पोरांच्या दप्तरात पाहिलं. पूर्वाने रडून घर डोक्यावर घेतलं. हरेश म्हणाला, "सांभालायला नको का पुस्तक? लोकाचं हाय." पुस्तक त्याच्या डब्याच्या पिशवीत होतं, भाजीच्या डब्याखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कुठे टाकून द्यायचा त्याचा विचार नव्हता. आपल्याशिवाय त्या दोघींनी वाचू नये, एवढंच त्याला हवं होतं. गोडाऊनमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्याने ते एकदा बाहेर काढलं, तर शेजारी जेवत बसलेला काळूराम म्हणाला, "काय रे, बालवाडीत नाव घातलं का?" त्याने परत डब्याखाली घातलं.

त्याला वाटलं होतं, पुस्तक नाही म्हटल्यावर पूर्वा पुन्हा दारात येईल. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा आतून तिचाच आवाज ऐकू येत होता, सुरात, थांबत थांबत. तो दारातच उभा राहिला. पूर्वा कॉटवर मांडी घालून बसली होती आणि तिने आपले दोन्ही तळहात पुस्तकासारखे समोर उघडले होते. एका हाताकडे बघून ती वाचत होती, "बेडूक निघाला घर बघायला." मग तळहात मिटायचा, परत उघडायचा. म्हणजे पान उलटलं. "दगडाखाली..." आणि तिने आईकडे पाहिलं. सोनल म्हणाली, "कोन गं?" दोघी एकदम "इंचू!" म्हणाल्या आणि हसल्या.

हरेश म्हणाला, "मॅडम, खरं पुस्तक माझ्या पिशवीत. आनि ती हातातनं वाचते. मी काय चोरलं मंग?"

तो आत गेला. पिशवी खाली ठेवली, डबा बाहेर काढला, आणि त्याखालचं पुस्तक काढून कॉटवर ठेवलं. वर्तमानपत्राला भाजीचं तेल लागलं होतं. सोनलने पुस्तकाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. डबा तिने मोरीत जरा आदळलाच.

"कुठं होतं?" पूर्वाने विचारलं.

हरेशला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याच्या तोंडून जे निघालं ते असं, "ड्युटीवर गेलं होतं."

"पुस्तक?"

"हा. बेडूक. बेडकाला घर भेटत नव्हतं ना. तो बोलला, गोडाऊनमध्ये लय खोकी हायत, एखादं घर भेटंल."

पूर्वा त्याच्याकडे सरकली. "मंग?"

हरेशला पुढचं माहीत नव्हतं. समोर कुठे छापलेलं नव्हतं. तो आयुष्यात पहिल्यांदा न वाचता सांगत होता आणि सांगता सांगता अडखळत होता. "मंग... मंग तो एका खोक्यात शिरला. आत काय होतं? आत होते... चपला."

"कुनाच्या?"

"नागपूरच्या बाईच्या. मंग खोकं पट्ट्यावर गेलं. मी स्कॅनर लावला. टीं वाजला न्हाय."

"का?"

"कारन कागदावर चपला, आत चपला आनि बेडूक!"

पूर्वा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने पुस्तक उघडलं, बेडकाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि त्याला बजावून विचारलं, "हाच ना? हाच गेलेला?" आणि पानावरची ओळ तिने त्याला वाचून दाखवली, त्याची खात्री पटावी म्हणून. त्यात जे काही चुकलं असेल ते हरेशच्या लक्षात आलं नाही. तो पुढच्या खोक्यात काय घालावं याचा विचार करत होता. ते दोघं जमिनीवर बसले होते आणि खुर्ची रिकामी होती, हे मला सोनलने सांगितलं. सांगताना तिचा आवाज कोरडा होता.

दुसऱ्या सकाळी पूर्वाने स्वतः पुस्तक डब्याच्या पिशवीत घातलं. "आज पन ने. बेडकाला घर बघायचंय." त्यानंतर हे रोजचं झालं. पुस्तक सकाळी ड्युटीवर जातं, संध्याकाळी परत येतं, आणि पूर्वा दारात उभी असते. बेडूक एक दिवस फ्रीजच्या खोक्यात असतो, एक दिवस ट्रकमधून मनोरपर्यंत जाऊन येतो. एक दिवस साहेबाच्या खुर्चीवर बसतो. मग बापलेक पुस्तक उघडून खरी गोष्ट वाचतात आणि ती आणि गोडाऊनची गोष्ट यांत खरी कुठली यावर भांडतात. पूर्वा पानावर बोट ठेवून जिंकते. वाचायला शिकायला याहून चांगलं कारण मी तरी पाहिलेलं नाही.

हरेश आता बुधवारी सुट्टी असली की गटात येतो आणि सतरंजीवर बसतो. बायका अजून त्याला वहिनी म्हणतात. तो म्हणतो, "बोला नणंदबाई." आणखी दोन बाप यायला लागले आहेत, एक जण तर दारातच उभा राहून ऐकतो. बायकांच्या चुका हरेशला अजून दिसतात. त्या दिसल्या की तो वर पंख्याकडे बघतो. एवढं मला त्याच्यात बदललेलं दिसलं, आणि ते पुष्कळ आहे.

मागच्या बुधवारी तो नव्हता. ड्युटी होती. गट संपला, बायका गेल्या, आणि सोनल मात्र पुस्तकांच्या पेटीपाशी घुटमळत राहिली. रीमा सतरंजी झटकत होती.

"काय गं, काय हवं?" मी विचारलं.

"दुसरं पुस्तक पायजे होतं, बाई."

"घे की. बेडकाचं झालं का वाचून?"

"ते आता त्यांचं झालंय." तिने पेटीतली पुस्तकं बाजूला करायला सुरुवात केली. "मी घेतलं तरी पूर्वा बोलते, थांब, पप्पा येऊ दे. मी बोट ठेवलं तर बोलते, मम्मी तुला ठाऊक न्हाय, बेडूक काल कुठं गेलेला. मीच आनलेलं ना ते घरी? मीच बसायची ना तिला घेऊन? आता मी भाकऱ्या करते आनि ते दोघं खिदळतात." ती हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "पोरगी वाचते, चांगलं हाय. मला आनंद हाय. पन जलतं, बाई. खोटं कशाला बोलू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी पेटीतून चिमणीचं छोटं पुस्तक काढलं, चित्रं सुरेख, अक्षर मोठं. ती ते हातात घेऊन वजन केल्यासारखं करत राहिली आणि परत ठेवलं. मग आणखी दोन बघितली, ठेवली. शेवटी तिची नजर पेटीच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुस्तकावर गेली. समुद्रातल्या माशांचं ते मोठं पुस्तक, पेटीत बसत नाही म्हणून बाहेर असतं. वर्गात सगळ्या मुलांना लांबून दिसावं म्हणून मुद्दाम एवढं केलेलं. उघडलं की कॉट भरून जाईल.

"हे घरी नेत नाही गं कुणी," मी म्हटलं. "वाटेत कसं धरशील?"

"धरते मी." तिने ते उचलून छातीशी लावून पाहिलं. हनुवटीपर्यंत आलं. "हेच द्या, बाई. त्यांच्या डब्याच्या पिशवीत मावनार न्हाय."